तीन लिटर रोज

गोंदिया जंक्शन हे हावडा-मुंबई रेल्वेमार्गाच्या जवळजवळ मध्यावर येतं. इकडे मुंबई साधारण हजार किलोमीटर, तिकडे हावडाही तेवढंच. आमच्या जिल्ह्यात पाण्याला तोटा नाही. वैनगंगा आहे, बाघ आहे, इटियाडोह आहे, नवेगावबांध आहे आणि गावागावांत मामा तलाव आणि बोड्या आहेत. पण हे सगळं गोडं पाणी, धानाचं पाणी. समुद्र आमच्याकडच्या पुष्कळ माणसांनी आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो. अशा गावात माझ्या बैठकीच्या खोलीत सहा वर्षांपासून दोनशे लिटर खारं पाणी भरलेलं आहे. त्यात दोन क्लाउनफिश, एक झिंगा, काही गोगलगायी आणि मऊ प्रवाळ राहतात. तीन फूट लांब काचेचा टँक वर, आणि खाली लाकडी कपाटात गाळण्यांचा दुसरा टँक. त्याला या छंदातले लोक सम्प म्हणतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा हौशी माणूस तिथेच चुकतो. माझ्या टँकमध्ये दगडी प्रवाळ नाही. आपल्या देशात रीफ बांधणारं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाच्या रांगेत बसवलं आहे. कोणी कितीही स्वस्तात देऊ केलं तरी ते घ्यायचं नाही. समुद्रातून उचललेला दगडही घ्यायचा नाही. माझ्याकडचे दगड भाजलेल्या सिरॅमिकचे आहेत. त्यांवर जिवाणू बसायला चार महिने लागले, तेवढे मी थांबलो. क्लाउनफिश हॅचरीत जन्मलेले आहेत. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपम इथे या माशांची पैदास करण्याचं तंत्र बसवलं, म्हणून आज समुद्राला हात न लावताही हे मासे पाळता येतात.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. सतरा वर्षं हेच काम करतो. सकाळी सहाला पहिली पाळी, रुग्णांना मशीनवर घ्यायचं, चार तास बसायचं, उतरवायचं, मग दुसरी पाळी. हा टँक घरी आणला तेव्हा वाटलं होतं की कामाचा ताण विसरायला काहीतरी होईल. झालं उलटंच, टँक मला रोज माझ्या कामाचीच आठवण करून द्यायला लागला. दोन्हीकडे पाणी आधी आरओतून काढायचं, त्यात मोजून क्षार मिसळायचे, ते पाणी एका जिवंत गोष्टीच्या शेजारून वाहू द्यायचं आणि घाण घेऊन बाहेर सोडायचं. डायलिसिसच्या द्रावणाची वाहकता चौदाच्या आसपास असते, समुद्राच्या पाण्याची त्रेपन्नच्या आसपास. मोजायचं एकक एकच, मिलिसीमेन्स. फरक फक्त खारटपणाचा.

पाण्याचा धाक मला नोकरीनेच घातला. शिकत असताना आमच्या सरांनी पहिल्या आठवड्यात कारुआरूची गोष्ट सांगितली होती. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्राला जलाशयातलं पाणी नीट शुद्ध न होता गेलं. त्या पाण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष होतं. तेच पाणी प्यायलेल्या निरोगी माणसाचं यकृत कदाचित तगलं असतं, पण डायलिसिसच्या रुग्णाचं रक्त एका पातळ पडद्यापलीकडून त्या पाण्याला भिडतं. पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. तेव्हापासून आरओच्या खोलीत शिरताना माझी नजर पहिली कार्बन फिल्टरवर आणि क्लोरीनच्या तपासणीच्या नोंदवहीवर जाते. घरी टँक लावला तेव्हाही मासे आणण्याआधी मी आरओच घेतला आणि त्याच्यापुढे रेझिनची नळी जोडली. आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर चारशेच्या वर दाखवतं. रेझिनमधून बाहेर येतं तेव्हा शून्य. शून्य दिसल्याशिवाय मी त्यात मिठाचा कण टाकत नाही.

पहिली दोन वर्षं बादलीने पाणी बदललं. दर दुसऱ्या रविवारी तीस लिटर काढायचं, तीस लिटर घालायचं. शनिवारी रात्री ड्रममध्ये मीठ विरघळायला टाकायचं, रविवारी सकाळी पंप बंद करून नळी लावायची. पाणी उतरलं की वरच्या दगडांवरचे प्रवाळ उघडे पडायचे. मग नवं पाणी पडलं की लेदर कोरल हे मऊ प्रवाळ मिटून जायचं. त्याच्या टोपीवरचे शेकडो बारीक हात आत ओढले जायचे आणि ते एखाद्या सुकलेल्या कुकुरमुत्त्यासारखं दिसायचं. पुन्हा उघडायला त्याला दोन दिवस लागत, कधी तीन. उन्हाळ्यात तर हाल. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. ड्रममधलं पाणी अडतीस अंशांवर, टँक सव्वीसवर. तीस लिटर एकदम ओतलं की टँक पावणेदोन अंशांनी चढतो. हे मी हिशेबाने सांगतो आहे आणि थर्मामीटरनेही पाहिलं आहे. समुद्रात एवढा बदल व्हायला कितीतरी दिवस लागतात, मी तो दहा मिनिटांत करत होतो.

नावं ठेवायला तेव्हा काही नव्हतं, कारण पाणी चांगलं होतं. नायट्रेट आटोक्यात, खारटपणा बरोबर. आकडे बरोबर असताना जीव मिटून का बसतो, हा प्रश्न मी दोन वर्षं विचारलाच नाही.

तो विचारला आमच्या एका रुग्णाने. अर्जुनी मोरगावकडचे ढीवर समाजातले एक काका आठवड्यातून तीनदा यायचे. आयुष्यभर तलावात जाळं टाकलेलं, आणि आता दिवसाला एक लिटरपेक्षा जास्त पाणी प्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. मशीनवर असताना त्यांना बोलायला कोणीतरी लागायचं. मोबाइलवर मी माझ्या टँकचा फोटो दाखवला, पाणी कसं बदलतो ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बाबू, येकदम येवढं पानी काढते अन् येवढं टाकते, तं मासोऱ्या भेवत नाही का?" मी म्हटलं, काका, पाणी शुद्ध असतं. ते म्हणाले, "तलावाचं पानी कोनी बदलवत नाही. वरून येते, सलंगावून जाते. मासोऱ्याले मालूमबी होत नाही."

सलंग म्हणजे तलावाचा सांडवा. आमच्या भंडारा-गोंदियाच्या तलावांची सगळी रचना या तीन शब्दांत आहे: पाळ, तुडूम, सलंग. पाळ पाणी अडवते, तुडुमातून हवं तेव्हा शेताला सोडतात, आणि जास्तीचं सलंगावरून आपोआप निघून जातं. कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं आमच्याकडे सगळे सांगतात. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि ते तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव झाले. मालक बदलले, पण सलंगाची उंची तीच राहिली. जेवढं वरून आलं तेवढंच खाली गेलं, हे त्या दगडी उंबऱ्यानेच ठरवलेलं असतं. त्यासाठी कोणाला उभं राहावं लागत नाही.

काकांचं ऐकलं आणि मला पहिल्यांदा त्यांच्याकडेच नीट पाहावंसं वाटलं. चार तासांनी त्यांना मशीनवरून उतरवलं की ते पलंगाच्या कडेला बसून राहायचे. पाय खाली टेकायला दहा मिनिटं लागत. घरी गेल्यावर तो दिवस झोपूनच जातो, असं बहुतेक रुग्ण सांगतात. याचं कारण आम्हाला ठाऊक असतं. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे एकशे ऐंशी लिटर द्रव गाळतात, आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेऊन दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम चोवीस तास, न थांबता चालतं. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. आमचं मशीन तेच काम आठवड्यातल्या बारा तासांत उरकतं. दोन दिवसांत साचलेलं पाणी, पोटॅशियम, युरिया, सगळं एका सकाळी ओढून काढायचं. जीव वाचतो यात शंका नाही. ज्यांना हे यंत्र मिळालं नाही त्यांची गत मी पाहिली आहे. पण शरीराला तो धक्का असतोच. आणि मी घरी रविवारी माझ्या टँकला तोच धक्का देत होतो, तेही गरज नसताना.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. दोनशे लिटरच्या टँकमध्ये रोज तीन लिटर बदललं तर महिन्याला नव्वद लिटर होतात. बादलीने महिन्याला साठ व्हायचे. फायदा उघड होता, पण एक गोष्ट मान्य करावी लागली. एकदम तीस टक्के पाणी काढून नवं घातलं तर तीस टक्के घाण नक्की जाते. तेवढंच पाणी थेंबाथेंबाने बदललं तर आधी घातलेल्या नव्या पाण्यातलंही थोडं बाहेर जात राहतं, म्हणून घाण सव्वीस टक्क्यांच्या आसपासच निघते. एवढा तोटा मी आनंदाने पत्करला. चार टक्क्यांसाठी लेदर कोरलला दोन दिवस मिटून बसवायचं नव्हतं.

पंप कोणता घ्यायचा हे ठरवायला मला वेळ लागला नाही. आमच्या मशीनवर रक्त फिरवणारा पंप असतो तसाच: लवचिक नळी अर्धगोल खाचेत बसवलेली, आणि फिरणारे रोलर ती नळी दाबत दाबत द्रव पुढे ढकलतात. पाणी पंपाच्या कुठल्याही धातूला लागत नाही, त्यामुळे खाऱ्या पाण्याने गंजायला काही नसतं. आणि पंप थांबला तरी एक ना एक रोलर नळीला चेपून असतो, त्यामुळे वीज गेल्यावर टँकचं पाणी आपोआप खाली ओढलं जात नाही. इथे एक सांगितलं पाहिजे. ओळखीच्या दोघांनी मला सहज सुचवलं की रुग्णालयातल्या टाकून दिलेल्या नळ्या आणायच्या. मी एकही आणली नाही. रक्ताला लागलेली नळी लाल पिशवीतच जाते, ती नियमाने जाते, आणि ती बाहेर कुठेही फिरता कामा नये.

दोन पंप ऑनलाइन मागवले, एक काढायला, एक घालायला. कंट्रोलरवर दर तासाला सव्वाशे मिली असं लावलं. चोवीस तास, चोवीस वेळा, तीन लिटर. जुनं पाणी सम्पच्या पहिल्या कप्प्यातून, जिथे वरून घाण पाणी येऊन पडतं तिथून काढायचं. नवं पाणी शेवटच्या कप्प्यात, जिथून मोटर ते वर फेकते तिथे घालायचं. उलट केलं तर नुकतं घातलेलंच पाणी बाहेर जातं. दोन्ही पंप एकाच वेळी चालवायचे. कारण सम्पमध्ये तिसरं एक यंत्र आहे. बाष्पीभवनाने पातळी उतरली की ते फ्लोट स्विचच्या इशाऱ्याने गोडं पाणी घालतं. वाफेबरोबर मीठ जात नाही, म्हणून तिथे गोडंच पाणी हवं. आधी काढलं आणि मग घातलं, तर मधल्या वेळात त्या यंत्राला वाटतं की पाणी आटलं.

नव्या पाण्याचा ड्रम किती मोठा ठेवायचा यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. साठ लिटरचा ठेवला असता तर तीन आठवडे बघावं लागलं नसतं. पण पंप अडकून सतत चालू राहिला तर? साठ लिटर सम्पमध्ये मावत नाहीत, बैठकीत समुद्र आला असता. माझ्या सम्पमध्ये पंचवीस लिटरची जागा रिकामी असते. म्हणून ड्रम पंचवीस लिटरचा. तो पूर्ण रिकामा झाला तरी थेंब जमिनीवर पडणार नाही. यंत्र लावताना आधी ते किती वाईट बिघडू शकतं हे मोजायचं आणि तेवढं सोसता येईल एवढंच सामान त्याच्या हाती द्यायचं, हे मी डायलिसिसमध्ये शिकलो.

मीठ विरघळवण्यातही नोकरीची सवय कामी आली, पण एकदा चूक करूनच. ड्रममध्ये आधी मीठ ओतलं आणि वरून पाणी सोडलं. दहा मिनिटांत पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि तळाशी चुना बसला. लगेच लक्षात आलं की आपण रोज हेच टाळतो. डायलिसिसच्या द्रावणाचे दोन कॅन असतात. एकात कॅल्शियम, दुसऱ्यात बायकार्बोनेट. घट्ट असताना ते एकत्र आले तर चुना होऊन खाली बसतो, म्हणून मशीन त्यांना भरपूर पाण्यात वेगवेगळं सोडतं. समुद्राच्या मिठातही हे दोन्ही असतात. तळाशी मिठाचा ढीग आणि त्यावर थोडंसं पाणी, म्हणजे घट्ट द्रावणच. तेव्हापासून आधी पूर्ण पंचवीस लिटर पाणी, त्यात फिरती मोटर, आणि मग साडेनऊशे ग्रॅम मीठ मूठमूठ करून. रात्रभर फिरू द्यायचं. सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर पस्तीस दिसलं पाहिजे.

पहिला महिना फार सुखाचा गेला. लेदर कोरल एकदाही मिटलं नाही. रविवार मोकळा झाला. मुलीने टँकमधल्या झोआंथस या प्रवाळासारख्या जिवांची डोकी मोजायला सुरुवात केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहू लागली. माय म्हणाली, "आता हे आपआपच पानी बदलवते, तं तू काय करशीन?" मी म्हटलं, बघत बसेन. पण मी बघत बसलो नाही. ड्रम भरायचा, जुन्या पाण्याचा कॅन रिकामा करायचा, एवढंच करत राहिलो. खारटपणा मी फक्त नव्या पाण्याचा तपासत होतो, टँकचा तपासायचं सोडून दिलं होतं.

अडीच महिन्यांनी मुलगी म्हणाली, "बाबा, आज सतराच उघडे आहेत." आदल्या आठवड्यात एकतीस होते. लेदर कोरल उघडं होतं, पण हात आखूड. मी अमोनिया तपासला, नायट्रेट तपासलं, तापमान पाहिलं. सगळं ठीक. पाण्याची पातळी रेषेवर, दोन्ही पंप वेळेवर चालू, फ्लोट स्विच बरोबर. शेवटी टँकचं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर टाकलं. तेहतीस. यंत्राचीच चूक असेल म्हणून पस्तीसच्या प्रमाणित द्रावणाने तपासून पुन्हा पाहिलं. तेहतीसच.

दोन्ही पंपांची नळी काढून दोन मेजरिंग सिलिंडरमध्ये सोडली, आणि सव्वाशे मिलीच्या चार फेऱ्या चालवल्या. घालणाऱ्या पंपाने पाचशे दिले. काढणाऱ्याने पाचशे पंचेचाळीस. नऊ टक्क्यांचा फरक. म्हणजे रोज दोनशे सत्तर मिली खारं पाणी जास्त बाहेर जात होतं. पातळी तेवढी उतरली की फ्लोट स्विच आपलं काम चोख करत होता, दोनशे सत्तर मिली गोडं पाणी घालत होता. दिवसाला दोनशे सत्तर मिली म्हणजे दोनशे लिटरमध्ये काहीच नाही. पण बहात्तर दिवसांत पस्तीसचे तेहतीस होतात. मी वहीत आकडेमोड केली तेव्हा उत्तर दिवसांनिशी जुळलं, आणि मला खरोखर लाज वाटली. कारण हा धडा मी कित्येक वर्षं नवीन मुलांना देत आलो आहे.

डायलिसिसमध्ये मिनिटाला पाचशे मिली द्रावण आत जातं आणि तेवढंच बाहेर येतं. चार तासांत एकशे वीस लिटर. यात एक टक्का फरक पडला तर रुग्णाच्या अंगातून सुमारे सव्वा लिटर पाणी जास्त निघेल किंवा आत राहील. हृदय अशक्त असेल तर एवढं जिवावर बेतू शकतं. म्हणून आजच्या मशीनमध्ये दोन पंपांच्या वेगावर विश्वास ठेवलेला नसतो. बहुतेक मशीनच्या आत एक बंद कप्पा असतो, मधोमध लवचिक पडदा. एका बाजूने नवं द्रावण भरलं की पडदा सरकतो आणि बरोबर तेवढंच जुनं दुसऱ्या बाजूने बाहेर ढकलतो. येणारं आणि जाणारं एकाच भांड्याने मोजलं जातं, त्यामुळे फरक पडायला जागाच राहत नाही. आणि एवढं करूनही आम्ही रुग्णाला आधी आणि नंतर काट्यावर उभं करतो. मशीन काय म्हणतं ते बघायचंच, पण वजनही बघायचं.

माझ्या टँकमध्ये पातळीची रेषा मला सांगत होती की सगळं बरोबर आहे. खरं तर ती रेषाच चूक झाकत होती. प्रत्येक यंत्र आपल्यापुरतं बरोबर वागत होतं, म्हणून कुठलाही अलार्म वाजला नाही. टँकचं वजन म्हणजे त्याचा खारटपणा. तो मी अडीच महिने मोजला नव्हता.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. दोन सुट्या पंपांऐवजी एकाच मोटरच्या दांड्यावर दोन डोकी असलेला पंप घेतला. आता एक फेरा झाला की दोन्ही नळ्यांचा एकच फेरा होतो, वेगळं धावायला वावच नाही. तरी नळ्या सारख्या झिजत नाहीत. रोलरखाली रोज चेपली जाणारी नळी हळूहळू सैल होते आणि कमी पाणी देते. म्हणून दोन्ही नळ्या एकाच वेळी, एकाच गुंडाळीतून कापून घालतो, आणि दर महिन्याच्या एक तारखेला डावी उजवीकडे, उजवी डावीकडे करतो. एकीला थोडा फरक असला तरी पुढच्या महिन्यात तो उलटा होऊन फिटतो. खारटपणा मात्र तेहतीसवरून पस्तीसवर एकदम नेला नाही. ड्रममधलं पाणी थोडं जास्त खारं करून सहा आठवड्यांत वर आणला. काकांनी सांगितलं होतं ते इथेही लागू होतं.

विजेचंही सांगतो, कारण बाहेरगावचे लोक याचा विचार करत नाहीत. पावसाळ्यात आमच्याकडे वारा सुटला की वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. इन्व्हर्टरवर मी फक्त पाणी फिरवणारी मोटर आणि हवेचा पंप ठेवला आहे. पाणी बदलणारा पंप मुद्दाम ठेवलेला नाही. एक दिवस पाणी बदललं नाही तर काहीही होत नाही, पण कित्येक तास पाणी फिरलं नाही तर मासे गुदमरू शकतात. मे महिन्यात चिलर रात्रंदिवस चालतो आणि त्या महिन्याचं बिल मला जड जातं. ते मी मान्य केलं आहे. पण तीन लिटर गरम पाणी दिवसभरात वाटून गेलं की टँकला त्याची चाहूलही लागत नाही. आमच्या हवेत रोज थोडंथोडं बदलण्याचं खरं कारण माझ्या मते हेच आहे.

राहिलं बाहेर आलेलं पाणी. याचं मला सुरुवातीपासून वाईट वाटत होतं. रोज तीन लिटर म्हणजे शंभरावर ग्रॅम मीठ, महिन्याला तीन किलोच्या वर. समुद्रकाठच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पण आमचा जिल्हा धानाचा आहे. बांधीत मीठ गेलं तर काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं. माझे आजोबा शेतकरी होते. परसातल्या भाजीला, आंब्याला मी ते पाणी कधी घातलं नाही आणि बोअरजवळ सांडू दिलं नाही. फेब्रुवारीपासून मेपर्यंत गच्चीवर दोन उथळ ट्रे ठेवतो. उन्हात तीन लिटर दिवसाभरात उडून जातं आणि तळाशी पांढरी खरपुडी उरते. ती खरवडून पिशवीत भरतो आणि कचरागाडीत देतो. पावसाळ्यात ट्रे चालत नाहीत. तेव्हा ते पाणी नालीत, घराच्या सांडपाण्यात थोडंथोडं जातं. याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही आणि हे काम अपुरं आहे असंच मी समजतो. गोंदियात अजून पाच-दहा जणांनी असे टँक लावले तर आम्हाला मिळून याचा विचार करावा लागेल.

ते काका आता येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. पंप लावल्यावर मी त्यांना मोबाइलवर चित्रफीत दाखवली होती. दर तासाला सव्वाशे मिली येतं आणि सव्वाशे जातं, हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सलंग कोठी आहे?" मी म्हटलं, काका, इथे सलंग नाही, मोजून काढतो. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. पुढे तेहतीसचा प्रकार झाला तेव्हा मला त्यांचा तो प्रश्न आठवला. सलंगावरून जास्तीचंच पाणी जातं, कमी-जास्त ओढून घेणं त्याला येतच नाही. मी त्याजागी एक मोटर बसवली होती, आणि मोटरवर लक्ष ठेवावं लागतं.

आज एक तारीख आहे. सकाळी पाळीला जाण्याआधी नळ्यांची जागा बदलली, दोन्ही सिलिंडर भरून पाहिले. एकात पाचशे दोन, दुसऱ्यात पाचशे. टँकचा खारटपणा पस्तीस. झोआंथसची चौसष्ट डोकी उघडी होती, मुलीने कॅलेंडरवर लिहिली आहेत. तुमच्या घरी असं यंत्र असेल, किंवा लावायचा विचार असेल, तर एवढंच करा: पाण्याची पातळी बरोबर आहे म्हणून थांबू नका. महिन्यातून एकदा दोन्ही नळ्यांचं पाणी एकाच मापाच्या दोन भांड्यांत धरून बघा, आणि आठवड्यातून एकदा टँकचा खारटपणा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.